बेल्ट टेन्शनर
बेल्ट टेन्शनर : मोटारीच्या एंजिनाबाहेरून फिरणाऱ्या पट्ट्याला सतत ठरावीक ताण देणारा भाग. हा पट्टा क्रँकशाफ्टची (एंजिनाच्या मुख्य फिरत्या आसाची) गती आल्टरनेटर (वीज निर्माण करणारे यंत्र), पाण्याचा पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप व एसीचा कॉम्प्रेसर यांना पोचवतो. टायमिंग बेल्टलाही (झडपांची उघडझाप क्रँकशाफ्टशी जुळवणाऱ्या वेगळ्या पट्ट्यालाही) टेन्शनर असतो. तो निकामी झाल्यास अनेक एंजिनांत झडपा पिस्टनवर आदळून वाकतात, म्हणून संशय येताच गाडी सुरू करून पाहू नये. त्याची जुळणी निराळी असल्याने तो या नोंदीच्या कक्षेबाहेर आहे.

व्ही-बेल्टच्या (इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या छेदाच्या पट्ट्याच्या) काळात असा स्वतंत्र भाग बहुतेक गाड्यांत नसे. खाच असलेल्या पट्टीवर आल्टरनेटर बाहेर सरकवून बोल्ट आवळला की ताण मिळे. लांब टप्प्याच्या मध्यावर सु. १० किग्रॅ. जोराने दाबल्यास पट्टा सु. १० मिमी. खाली जावा, हे तेव्हाचे सर्वसाधारण माप. एकच लांब बहुपन्हळी (लांबीभर अनेक खाचा असलेला) पट्टा सर्व पुल्यांवरून नागमोडी नेण्याची पद्धत आल्यावर स्वयंचलित टेन्शनर आवश्यक झाला. या पद्धतीचा पहिला मान सामान्यतः १९७९ च्या फोर्ड मस्टँगला दिला जातो. मात्र पन्हळी पट्टे कारखान्यांतील यंत्रांवर त्याआधीही होते. त्यामुळे नवेपण पट्ट्यात नव्हे, तर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी पुल्या फिरवण्याच्या मांडणीत होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इतरत्र हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. म्हणून केवळ गाडीच्या वयावरून तिला टेन्शनर आहे की नाही ते ठरवता येत नाही.

रचना : ॲल्युमिनियमच्या घरात पिळाची स्प्रिंग, तिने ढकललेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला बेअरिंगवर फिरणारी पुली. टेन्शनर पट्ट्याच्या सैल बाजूला बसवतात. स्प्रिंगइतकेच महत्त्व दांड्याच्या कण्याभोवतीच्या घर्षण-बुशला (घर्षणाने दांड्याची हालचाल रोखणाऱ्या नळीला) आहे. क्रँकशाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही, प्रत्येक ज्वलनाला हिसका देते. चार सिलिंडरच्या एंजिनात मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलला (गाडी उभी असतानाच्या संथ गतीला) हे हिसके सेकंदाला सु. २७, म्हणजे तासाला ९६,००० होतात. ते जिरवता जिरवता बुश झिजतो. स्प्रिंग तुटलेली क्वचितच सापडते, बुश गेलेला नेहमी. दांडा हाताला कडक लागला म्हणून टेन्शनर चांगला, हा निष्कर्ष त्यामुळेच फसवा ठरतो.

निदान : बॅटरीचा दिवा लागणे, थंड एंजिनावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवताना किंचाळणे, पंप याच पट्ट्यावर असल्यास एंजिन तापणे, ही बाहेरची लक्षणे. आवाजाची जात पाण्याने ओळखतात. आयडलवर पट्ट्याच्या पन्हळी बाजूला थोडे पाणी फवारावे. चिवचिव क्षणभर थांबली तर पुल्या एका रेषेत नाहीत. किंचाळणे वाढले तर पट्टा घसरतो आहे, म्हणजे ताण कमी आहे. रेषेतील फरक ३० सेंमी. टप्प्यामागे सु. १.५ मिमी. पेक्षा जास्त नसावा.

नंतर एसी चालू करून दांड्याकडे पाहावे. तो बारीक थरथरणे ठीक. डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतका, अंदाजे ६ मिमी. पेक्षा जास्त, मागेपुढे होत असेल तर अवमंदन (हिसके जिरवण्याची क्षमता) संपले. आल्टरनेटरला एकदिशा क्लच (एकाच दिशेने गती देणारा सांधा) असलेली पुली असेल तर ती आधी तपासावी. ती जाम झाली की दांडा असाच नाचतो आणि नवा टेन्शनरही लवकर खराब होतो. दांड्याच्या सांध्याभोवती तांबूस भुकटी, पट्ट्याची एक कड उसवलेली, किंवा पुलीवरची चकचकीत पट्टी मध्यापासून एका बाजूला सरकलेली दिसली, तर सांधा ढिला होऊन दांडा तिरका झाला आहे.

पट्टा काढून पुली बोटाने फिरवावी. चांगले बेअरिंग ग्रीसच्या किंचित ओढीने लवकर थांबते. भोवऱ्यासारखे मोकळे फिरत राहिले तर ग्रीस गेले. खरखर लागली तर गोळ्या खड्डावल्या. अनेक घरांवर खुणेच्या रेषाही असतात. काटा त्यांच्याबाहेर गेला असेल तर पट्टा ताणलेला किंवा चुकीच्या लांबीचा आहे. ‘६ पीके १२००’ म्हणजे सहा पन्हळी व १,२०० मिमी. लांबी. नव्या ईपीडीएम रबराला झिजूनही सहसा तडे जात नाहीत. तडे नाहीत म्हणजे पट्टा चांगला, हा नियम जुन्या निओप्रीनपुरताच.

दुरुस्ती : बॅटरीची ऋण तार काढावी आणि पट्ट्याचा मार्ग कागदावर उतरवावा. टेन्शनरवरील चौकोनी खाचेत (बहुधा ३/८ किंवा १/२ इंच) लांब दांड्याचा पाना घालून दांडा सैल दिशेने वळवावा, पट्टा उतरवावा आणि दांडा सावकाश परत सोडावा. हातातून सुटला तर बोटे चेमटतात. काही गाड्यांत खाच नसते, पुलीच्या बोल्टवरच पाना लागतो. काहींचे आटे डावे असतात, तेव्हा दिशा आधी पाहावी. ॲल्युमिनियममध्ये गंजलेला पोलादी बोल्ट जोर लावून तोडण्यापेक्षा भेदक तेल घालून थांबलेले बरे.

फक्त बेअरिंगच गेले असेल तर ते बदलण्याची रीत आहे, पुष्कळ पुल्यांत ६२०३ (१७×४०×१२ मिमी.), दोन्ही बाजूंनी सीलबंद, बसते. प्लास्टिकच्या पुलीत ते ओतीव असल्यास निघत नाही. बुशही झिजलेला असल्यास ही बचत टिकत नाही. पूर्ण टेन्शनर, आयडलर (पट्ट्याला फक्त वळण देणारी पुली) व पट्टा एकत्र बदलणे श्रेयस्कर.

नवा टेन्शनर बसवताना मागची खुंटी एंजिनावरील भोकात नीट बसली पाहिजे. ती अर्धवट राहिली तर बोल्ट आवळताच घर तडकते. बोल्ट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), त्या गाडीच्या मापाप्रमाणे आवळावा. टेन्शनरला कुलूप-पिन (दांडा अडवून धरणारी) असेल तर पट्टा सर्व पुल्यांच्या पन्हळीत बसल्याशिवाय ती काढू नये. एका पुलीवर पट्टा एक पन्हळ सरकून बसणे ही सर्वांत वारंवार होणारी चूक. तसा चाललेला पट्टा काही मिनिटांत कडेने उसवतो. आवाज दाबणारे फवारे पट्ट्यावर मारल्यास धूळ चिकटते व घसरण वाढते.