अठरा पूर्ण नाहीत? तरी सूचना पाठवता येते

‘मतदार यादीत नाव नसेल तर सरकारी मसुद्यावर हरकत घेता येत नाही,’ हे खरं नाही. वयाची अट मतदानाला आहे. नियमांच्या मसुद्यावर मुदतीत आलेली ‘कोणत्याही व्यक्तीची’ हरकत विचारात घ्यावी, असं १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (General Clauses Act) कलम २३ सांगतं. मुंबईची विकास योजना, म्हणजे कोणती जमीन कशासाठी हे ठरवणारा आराखडा, ज्या १९६६ च्या नगररचना कायद्याने होते, त्यातही शब्द ‘कोणतीही व्यक्ती’ हाच. पडताळायचं असेल तर राजपत्रातली मसुद्याची नोटीस शेवटपर्यंत वाचा. मुदत आणि पत्ता तिथेच असतो.

दादरच्या आमच्या वर्गात नववीच्या मुलींनी विकास योजनेच्या नकाशावर शाळेमागचं मैदान बोटाने शोधलं आणि तिथल्या तिथे अर्ज लिहायला घेतला. सूचना मान्य होईलच असं नाही, पण ती लेखी आणि मुदतीत हवी.