गोरिलाचे सुळे मांसासाठी नसतात

नर गोरिलाच्या कवटीची रेझिनची प्रतिकृती हातात घेतली की जवळपास प्रत्येक जण म्हणतो, ‘एवढे सुळे, म्हणजे हा मांसाहारी असणार!’ हा समज जुना आहे. १८४७ मध्ये मिशनरी डॉक्टर थॉमस सॅव्हेज आणि शरीररचनातज्ज्ञ जेफ्रीज वायमन यांनी कवट्या व हाडांवरून गोरिलाचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हापासून त्याच्या क्रौर्याच्या कथाही पसरत गेल्या.

प्रत्यक्षात गोरिला पानं, देठ, कोंब आणि फळं खातो. सोबत मुंग्या, वाळवी, एवढंच. मग सुळे कशाला? उत्तरासाठी मादीची कवटी शेजारी ठेवा. दोघांचा आहार साधारण सारखाच, तरी मादीचे सुळे कितीतरी लहान! म्हणजे कारण आहारात नाही, नरांच्या आपसातल्या स्पर्धेत आहे. सुळे धमकावायला आणि लढायला असतात. आहार ओळखायचा तर दाढा बघा: मोठ्या, उंच धारांच्या, चिवट पाला कापणाऱ्या.

नराच्या डोक्यावरचा हाडाचा उंच कंगोराही असाच फसवतो. त्याखाली मोठा मेंदू दडलेला नसतो. गोरिलाचा मेंदू साधारण ५०० घनसेंटिमीटरचा, आपला सुमारे १३५०. जबडा मिटणारे कानशिलाचे प्रचंड स्नायू त्या कंगोऱ्याला धरलेले असतात. म्हणूनच शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: एकट्या नराची कवटी दाखवू नका. नर-मादीची जोडीच मागवा, आणि मुलांना आधी दाढांवरून बोट फिरवू द्या.