गर्भाशय काढल्यानंतरची हालचाल व व्यायाम

गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकल्यावर स्त्री अंथरुणातून उठते, घरकाम, नोकरी, शेती सुरू करते आणि हळूहळू व्यायामाकडे वळते. या परतीच्या वाटेवर शरीराला काय झेपते आणि काय झेपत नाही, याचा विचार या नोंदीत केला आहे. वैद्यकीय ग्रंथांत या शस्त्रक्रियेला गर्भाशयोच्छेदन म्हणतात. घरोघरी ‘पिशवी काढली’ एवढेच म्हटले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ३.२ टक्के स्त्रियांची पिशवी काढलेली असल्याचे आढळले. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात हे प्रमाण याहून बरेच जास्त होते.

शस्त्रक्रियेनंतर दोन टोके दिसतात. कुठे बाईला महिनोन्महिने जिना चढू देत नाहीत, तर कुठे पंधराव्या दिवशी तिच्या डोक्यावर पाण्याचा हंडा असतो. पहिल्या घरात पायांचे आणि पाठीचे स्नायू झिजतात, दुसऱ्या घरात टाक्यांवर ताण येतो. चालणे पहिल्या दिवसापासून हवे आणि ओझे बरेच दिवस नको, हे दोन वेगळे नियम आहेत. ‘आराम कर’ या एकाच शब्दात ते मिसळून जातात आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

शरीरात काय झालेले असते

शस्त्रक्रिया पोटावर चीर देऊन, योनिमार्गे किंवा दुर्बिणीतून होते. पोटावरच्या चिरेत त्वचा, चरबी, स्नायूंवरचे घट्ट आवरण आणि पोटाच्या आतला पडदा असे थर उघडून पुन्हा शिवतात. यांतला खरा भार पेलते ते स्नायूंवरचे आवरण. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बाहेर अर्ध्या-एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रेच दिसतात, त्यामुळे आठवड्याभरात घरचे लोक ‘काही झालेच नाही’ असे धरून चालतात. पण गर्भाशय मुखासकट काढले असेल, तर कोणत्याही पद्धतीत योनीचे वरचे टोक शिवून बंद केलेले असते. डॉक्टर त्याला व्हॉल्ट म्हणतात. हे टाके उसवण्याचा धोका मुळात फार कमी आहे, मात्र इतर दोन पद्धतींच्या तुलनेत तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर अधिक आढळतो. बाहेरून जखम लहान दिसते म्हणून आतली मुदत कमी होत नाही, ती यामुळे.

जखम दिसायला दहा दिवसांत भरते, पण तिला बळ यायला वेळ लागतो. तीन आठवड्यांनी त्या जागी मूळच्या ताकदीच्या सुमारे एक पंचमांश ताकद असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचते आणि पूर्ववत कधीच होत नाही. डॉक्टर सांगतात त्या सहा आठवड्यांच्या आणि तीन महिन्यांच्या मुदतींकडे या आकड्यांच्या नजरेने पाहावे.

झोपवून ठेवण्याची जुनी रीत

योनिमार्गे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया जर्मनीत कोनराड लांगेनबेक यांनी १८१३ मध्ये केली. त्या शतकात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दोन-तीन आठवडे उताणे झोपवून ठेवत. शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ मध्ये रुग्णांना लवकर उठवावे असे मांडले, पण फारसे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि परिचारिका अपुऱ्या पडल्या, रुग्णांना लवकर उठवावे लागले आणि ते अधिक बरे राहतात हे डॉक्टरांच्या नजरेस आले. हॅरी राइख यांनी १९८८ मध्ये दुर्बिणीतून गर्भाशय काढले. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी उपास कमी, नळ्या कमी, लवकर खाणे आणि लवकर चालणे अशी पद्धतशीर मांडणी केली. आज मोठ्या रुग्णालयांत त्याच विचाराने काम चालते. आपल्याकडे मात्र सासू-आईच्या पिढीचा ‘उठू नको’ हा सल्ला अजून जिवंत आहे. त्यामागे माया असते, पण पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

पहिले दिवस

गुंतागुंत नसेल तर शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उठवतात. उठण्याचीही रीत आहे. उताणे असताना मान आणि धड एकदम वर उचलले की सगळा ताण पोटाच्या टाक्यांवर येतो. त्याऐवजी गुडघे दुमडून कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि हाताच्या कोपराने रेटा देऊन बसावे. डोके हलके वाटले तर मिनिटभर तसेच बसून राहावे आणि मग कोणाचा तरी हात धरून उभे राहावे. पहिल्या चार-पाच वेळा स्वच्छतागृहात एकटीने जाऊ नये.

खाटेवर असताना दर तासाला पावले वर-खाली हलवावीत, म्हणजे पोटऱ्यांतले रक्त वाहते राहते. दीर्घ श्वास घ्यावा. खोकला किंवा शिंक येणार असे वाटले की टाक्यांवर उशी घट्ट धरावी. भूल उतरल्यावर साचलेला कफ बाहेर पडायलाच हवा, म्हणून दुखण्याच्या भीतीने खोकला दाबू नये. त्यासाठीच वेदनाशामक गोळी वेळेवर घेणे महत्त्वाचे. ‘सहन होतंय’ म्हणून गोळी टाळणारी बाई श्वास उथळ घेते आणि हालत नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे श्वासपटलाला डिवचले जाते आणि ती कळ खांद्यात जाणवते. थोडे चालले की ती कमी होते. पोटातला वायू सरायलाही चालणेच कामी येते.

चालणे

घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटे सपाट जागी चालावे. घर लहान असेल तर व्हरांडा, गच्ची किंवा अंगणही पुरते. दोन-तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटे वाढवावीत. तक्रार नसेल तर दोन ते तीन आठवड्यांत बहुतेक जणी सलग अर्धा तास चालू शकतात. जिना चढायला हरकत नाही. कठडा धरून, सावकाश आणि दिवसातून मोजक्या वेळा. किती चालायचे हे दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून ठरवावे. सकाळी दुखणे किंवा थकवा आदल्या दिवसाहून वाढलेला असेल, किंवा थांबलेला स्राव पुन्हा लालसर झाला असेल, तर काल जास्त झाले असे समजून आज कमी करावे.

संध्याकाळी पोट फुगल्यासारखे वाटणे आणि साडीची किंवा सलवारीची नाडी काचणे काही आठवडे चालते. त्याने घाबरू नये. थकवाही अपेक्षेपेक्षा जास्त दिवस टिकतो. पिशवी काढण्याचे कारण अंगावरून जास्त जाणे हे असेल, तर रक्त आधीच कमी झालेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन नऊवर असताना दम लागतो, तो ‘ऑपरेशनमुळे अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नये. लोहाच्या गोळ्या सुरू ठेवल्याशिवाय व्यायामाची ताकद येत नाही.

ओझे आणि घरकाम

परदेशी माहितीपत्रकांत किराणाच्या पिशव्या आणि व्हॅक्यूम क्लीनर असतो. आपल्याकडचा हिशेब वेगळा. दहा-पंधरा लिटर पाण्याचा हंडा म्हणजे भांड्याच्या वजनाशिवाय दहा-पंधरा किलो. स्वयंपाकाच्या गॅसचा भरलेला सिलिंडर जवळपास तीस किलोचा असतो, कारण आत १४.२ किलो गॅस आणि वर लोखंड. पिळायच्या ओल्या चादरी, दळणाचा डबा, कडेवरचे दोन वर्षांचे मूल ही सगळी ओझीच. डॉक्टर साधारणपणे सहा आठवडे तीन-चार किलोपेक्षा जास्त उचलू नका असे सांगतात. हा आकडा अनुभवातून आणि सावधगिरीतून आलेला आहे, त्यामागचा प्रयोगसिद्ध पुरावा तोकडा आहे. पोटातला दाब मोजला तर जोरात खोकताना किंवा खुर्चीतून उठताना तो हलके ओझे उचलण्यापेक्षा कमी नसतो. म्हणून भरलेली तांब्या-कळशी चुकून उचलली गेली तर रात्रभर काळजी करत बसण्याचे कारण नाही. पण खोकला आणि बद्धकोष्ठता मात्र ओझ्याइतक्याच गांभीर्याने घ्यायला हव्यात. चुलीच्या धुराने खोकला येत असेल तर चुलीपुढे दुसऱ्या कोणी बसावे. पाणी, भाज्या, फळे आणि गरज पडल्यास इसबगोल घेऊन शौचाला कुंथावे लागणार नाही असे पाहावे.

पहिल्या दोन आठवड्यांत बसून भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, उभ्याने चहा-वरणभात करणे एवढेच पुरे. ओट्याशी उभ्याने केलेला स्वयंपाक जमिनीवर बसून, विळीवर वाकून केलेल्या स्वयंपाकापेक्षा सोपा जातो. पोळ्यांची कणीक मळणे, फरशी पुसणे, बादलीने धुणे, वाकून केरसुणीने झाडणे ही कामे चार ते सहा आठवडे इतरांकडे द्यावीत. घरात पुरुष असतील तर हे त्यांचे काम, आणि डॉक्टरांनी घरी सोडताना हे बाईला नव्हे, तिच्या नवऱ्याला आणि मुलांना समोर बसवून सांगावे. बाईला सांगितलेले पथ्य पाळण्याची मुभा तिच्या हातात असतेच असे नाही.

पोटाला पट्टा बांधण्याची चाल बाळंतपणातून आली आहे. पोटावर चीर असेल तर पहिल्या दिवसांत पट्ट्याने उठता-बसता, खोकताना आधार वाटतो. पण महिनोन्महिने बांधलेला पट्टा पोटाच्या स्नायूंचे काम स्वतःकडे घेतो आणि त्यांना ढिले ठेवतो.

व्यायाम

सुरुवात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंपासून करावी. मूत्राशय, आतडे आणि योनी यांना खालून पेलणारी ही स्नायूंची झोळी असते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तिच्या व्यायामाची पद्धत प्रसिद्ध केली. वारा अडवताना आणि लघवी रोखताना आपण जे आवळतो तेच आवळायचे, श्वास चालू ठेवून काही सेकंद धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे. सैल सोडणे आवळण्याइतकेच महत्त्वाचे. योगातल्या मूलबंधाची कल्पना असलेल्यांना हे पटकन उमगते. लघवीची नळी निघाल्यावर, दुखत नसेल तर, हा व्यायाम लवकरच सुरू करता येतो. योनिमार्गे शस्त्रक्रिया झाली असेल किंवा अंग बाहेर येत होते म्हणून दुरुस्तीही केली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

अनुलोम-विलोम आणि साधे दीर्घ श्वसन पहिल्या आठवड्यापासून चालते. कपालभाती आणि भस्त्रिका यांत पोटाला वारंवार हिसके बसतात, त्यामुळे ती तीन महिन्यांपर्यंत टाळणे शहाणपणाचे. सहा आठवड्यांच्या तपासणीत सगळे ठीक आढळले की ताडासन, मार्जारासन, सेतुबंधासन अशी सौम्य आसने, बैठी सायकल आणि हलकी वजने सुरू करता येतात. पोहायला स्राव पूर्ण थांबल्यानंतर आणि टाके भरल्यावरच जावे. सूर्यनमस्कार, नौकासन, धावणे, दोरीवरच्या उड्या, जिममधली जड वजने, झुंबा यांसाठी तीन महिने थांबावे आणि तेव्हाही निम्म्या मात्रेने सुरुवात करावी. उडी मारताना लघवी निसटली किंवा खाली जड वाटले, तर तो व्यायाम थांबवून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधी बळकट करावेत. यासाठी वेगळे प्रशिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट आता मोठ्या शहरांत भेटतात.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली असतील तर पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात येते. गरम वाफा, झोपमोड, सांधेदुखी होते आणि हाडांची झीज वेगाने सुरू होते. पस्तिशीच्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तिने चालणे, पायऱ्या, वजनांचा व्यायाम असा हाडांवर भार देणारा व्यायाम कायमचा धरावा आणि संप्रेरकांच्या उपचाराबद्दल डॉक्टरांशी बोलावे. अंडाशये ठेवली असली तरी ती काही वर्षे लवकर थकू शकतात.

कार्यालयातले बैठे काम दुर्बिणीच्या किंवा योनिमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन ते चार आठवड्यांत आणि पोटावरच्या चिरेनंतर सहा-आठ आठवड्यांत करता येते. गाडी चालवताना अचानक ब्रेक दाबायची वेळ आली तर न कचरता दाबता आला पाहिजे. दुचाकी आणखी उशिरा, कारण खड्ड्यांचे हिसके थेट ओटीपोटात बसतात. शरीरसंबंध सहा ते बारा आठवडे नकोत. याबद्दल बायका विचारत नाहीत आणि अनेक डॉक्टरही आपणहून सांगत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहिले आहे.

३८ अंश सेल्सियसहून जास्त ताप, घाण वासाचा किंवा अचानक भळकन आलेला स्राव, तासाभरात पॅड भिजेल असा रक्तस्राव, एका पोटरीला सूज व दुखणे, दम लागणे, छातीत दुखणे, सतत लघवी ठिबकणे किंवा खालून काही बाहेर आल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

ऊसतोडीच्या फडात

वरचा सगळा क्रम सहा आठवडे घरी राहता येते असे धरून लिहिला आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या बाईला ते धरता येत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाचट सोलायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, हे काम पहाटेपासून चालते. पाळीचे दुखणे, पांढरे जाणे, स्वच्छतागृह नसलेली पाले अशा कशाकशाने पिचलेल्या अनेक जणींना पिशवी काढण्याचा सल्ला तरुणपणीच मिळाला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहांमागे एक. अनावश्यक गर्भाशयोच्छेदन रोखण्यासाठी केंद्राने आखलेल्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी स्वीकाराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

या स्त्रियांसाठी पहिला प्रश्न शस्त्रक्रिया खरोखर लागते का, हाच आहे. गोळ्या, संप्रेरकयुक्त तांबी, जंतुसंसर्गावरचे उपचार आधी व्हायला हवेत. ती टाळता येत नसेल पण तातडीचीही नसेल, तर फडावरून परतल्यावर चैत्र-वैशाखात केली तर पुढच्या हंगामापर्यंत पाच-सहा महिने मिळतात आणि मृगाच्या पेरणीला निदान जड कामे दुसऱ्यावर सोपवता येतात. हंगामात मध्येच शस्त्रक्रिया झाली, तर तिने फडावर परतल्यावर पाचट सोलावे, मोळी मात्र तीन महिने उचलू नये. हे रुग्णालयाच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून घ्यावे, म्हणजे ते मुकादमाला दाखवता येते.