पाच गावांचं बिऱ्हाड: सॅक्रामेंटो किंग्जचा मागचा प्रवास

४ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, भारतातला पहिला सामना झाला. समोर हजारो शाळकरी मुलं बसली होती. सामना बरोबरीमुळे ओव्हरटाइममध्ये, म्हणजे पाच मिनिटांच्या जादा वेळात गेला आणि इंडियाना पेसर्सनी तो १३२-१३१ असा, एका गुणाने जिंकला. दुसऱ्या दिवशीही पेसर्सच जिंकले. दोन्ही दिवस हरलेला संघ होता सॅक्रामेंटो किंग्ज. एनबीएच्या तीस संघांतून मुंबईला हाच कसा आला, याचा अंदाज मालकाच्या आडनावावरून येतो. विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा. शिकायला ते एमआयटीत गेले, पुढे सॉफ्टवेअर उद्योगात मोठे झाले.

त्यामुळे आपल्याकडे किंग्ज म्हणजे ‘रणदिवेंचा संघ’. पण रणदिवे या गोष्टीत फार उशिरा येतात. त्याआधीची सत्तर वर्षं या संघाचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर होतं.

मूळ गाव न्यूयॉर्क राज्यातलं रोचेस्टर. तिथे सीग्राम या मद्य कंपनीच्या नावाने एक हौशी-निमव्यावसायिक संघ खेळत असे. लेस हॅरिसनने भावाला सोबत घेऊन १९४५ मध्ये तो पूर्ण व्यावसायिक केला आणि नाव ठेवलं रोचेस्टर रॉयल्स. मालकही हॅरिसन आणि प्रशिक्षकही हॅरिसन. असा घरचा कारभार. पहिल्याच हंगामात संघाने तेव्हाच्या नॅशनल बास्केटबॉल लीगचं विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात डॉली किंग या कृष्णवर्णीय खेळाडूला त्यांनी संघात घेतलं. वर्णभेदाची भिंत मोडून जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीग बेसबॉलच्या मैदानात उतरला, त्याच्या काही महिने आधीची ही गोष्ट. बेसबॉलवाल्यांचा सगळीकडे गाजावाजा, डॉली किंगचं नाव मात्र कुणाला माहीत नाही.

त्या काळचं बास्केटबॉल आज पाहायला बसलो तर दहा मिनिटांत उठून जाऊ. ६ जानेवारी १९५१ ला रोचेस्टरमध्ये रॉयल्स आणि इंडियानापोलिस ऑलिंपियन्स यांचा सामना सहा ओव्हरटाइमपर्यंत लांबला. एनबीएच्या इतिहासातला हा आजवरचा सर्वांत लांबलेला सामना. आकडा ऐकून थरारक वाटतो, घडलं उलटंच. चेंडू किती वेळ हातात ठेवायचा यावर तेव्हा बंधन नव्हतं. मग ज्याच्या हाती चेंडू लागला त्याने पाच मिनिटांतली बहुतेक मिनिटं तो नुसता घोळवत ठेवायचा, शेवटच्या क्षणी एकदाच फेकायचा, आणि तो चुकला की पुढचा ओव्हरटाइम. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. अखेर पाहुणे ७५-७३ ने जिंकले. चोवीस सेकंदांत फेक झालीच पाहिजे, हा नियम १९५४ मध्ये आला तो असल्याच सामन्यांना विटून.

त्याच १९५१ च्या एप्रिलमध्ये रॉयल्स एनबीएचे विजेते झाले. अंतिम मालिकेत न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिले तिन्ही सामने जिंकले, मग ओळीने तीन हरले आणि सातवा ७९-७५ असा कसाबसा खिशात घातला. या संघाचं एनबीएमधलं हे एकमेव विजेतेपद. त्यानंतर अंतिम फेरीसुद्धा नशिबात आलेली नाही. संघ गाव बदलतो तेव्हा त्याचे विक्रम आणि विजेतेपदंही सामानाबरोबर जातात, म्हणून १९५१ चा तो मान आज सॅक्रामेंटोच्या नावावर मोजला जातो. रोचेस्टरकरांना काय वाटत असेल?

बॉब डेव्हिस, बॉबी वॉन्झर, आर्नी रायझन ही मंडळी वयाने थकली, प्रेक्षक आटले, आणि छोट्या शहराच्या तिकिटांवर खर्च भागेना. १९५७ मध्ये हॅरिसनने संघ ओहायोतल्या सिनसिनाटीला हलवला.

माझ्या मते या सगळ्या प्रवासात जपून ठेवावं असं जे काही आहे ते सिनसिनाटीतच आहे. मॉरिस स्टोक्स हा संघाचा चोवीस वर्षांचा, अंगाने दणकट आणि हाताने चपळ खेळाडू. मार्च १९५८ मध्ये मिनियापोलिसला खेळताना तो पडला, डोकं जमिनीवर आपटलं, शुद्ध हरपली. त्याला शुद्धीवर आणून पुन्हा खेळायला उतरवलं. तीन दिवसांनी डेट्रॉइटला तो प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, सामनाही खेळला. परतीच्या विमानात त्याला झटके आले, तो कोमात गेला. जाग आली तेव्हा बुद्धी शाबूत होती, शरीर मात्र लुळं पडलं होतं. खेळाडूंना वैद्यकीय विमा वगैरे काही नसण्याचा तो काळ.

त्याचा सहकारी जॅक ट्वायमन हा त्याच्याहूनही थोडा लहान. तो गोरा, स्टोक्स कृष्णवर्णीय. आणि वर्ष १९५८. ट्वायमनने कोर्टाकडून स्टोक्सचं पालकत्व रीतसर आपल्याकडे घेतलं. तो खाटेशेजारी बसून एकेक मुळाक्षर म्हणायचा, हवं ते अक्षर आलं की स्टोक्स पापणी मिटायचा, आणि अशी अक्षरं जुळवत वाक्य व्हायचं. उपचारांच्या पैशासाठी दर उन्हाळ्यात एक मदत-सामना भरवला जाई आणि त्यात एनबीएचे नावाजलेले खेळाडू खेळत. हे १९७० मध्ये स्टोक्स जाईपर्यंत, म्हणजे बारा वर्षं चाललं. उत्तम सहकाऱ्यासाठी एनबीए आता दरवर्षी जो पुरस्कार देते, त्यावर या दोघांचीही नावं आहेत.

१९६० मध्ये ऑस्कर रॉबर्टसन आला. १९६१-६२ च्या हंगामात त्याची सामन्यामागे सरासरी होती ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेले चेंडू), ११.४ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास). तिन्हीत दोन आकडी सरासरी पुढची पंचावन्न वर्षं कुणाला जमली नाही. संघाला विजेतेपद मात्र मिळालं नाही. १९७० मध्ये त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं, आणि तिथे तो पहिल्याच वर्षी विजेता झाला. या संघाचं नशीब हे असं.

१९७२ मध्ये पुन्हा गाशा गुंडाळला. या वेळी कॅन्सस सिटी आणि ओमाहा अशी दोन घरं. कॅन्सस सिटीत ‘रॉयल्स’ नावाचा बेसबॉल संघ आधीच होता, म्हणून रॉयल्सचे ‘किंग्ज’ झाले. टायनी आर्चिबाल्डने १९७२-७३ मध्ये गुण आणि असिस्ट दोन्हींत लीगमध्ये पहिला नंबर काढला. पुढे ओमाहा सुटलं. जून १९७९ मध्ये वादळी पावसात कॅन्सस सिटीतल्या केम्पर अरीना या त्यांच्या स्टेडियमचं छत कोसळलं. आत कुणी नव्हतं म्हणून निभावलं, पण किंग्जला काही काळ जुन्या सभागृहात परतावं लागलं. १९८५ मध्ये संघ कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला आला.

सॅक्रामेंटोने त्याला जीव लावला. १९९८ नंतर क्रिस वेबर, व्लादे दिवाच, पेजा स्टोयाकोविच आणि प्रशिक्षक रिक एडलमन जमले आणि खेळ बहरला. लॉस एंजेलिसवाले या शहराला गुराख्यांचं गाव म्हणून हिणवत. त्यावर प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन येत आणि कान किटेपर्यंत वाजवत. २००२ मध्ये ६१ विजय मिळवून किंग्ज पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिसच्या लेकर्ससमोर उभे राहिले. ३-२ अशी आघाडी होती. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या बारा मिनिटांत पंचांनी लेकर्सना तब्बल २७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) दिले. सातवा सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि किंग्ज हरले. तिथे पंचांचा दोष नव्हता, किंग्जने स्वतःचेच फ्री थ्रो वाया घालवले. तरी सॅक्रामेंटोत आजही सहाव्या सामन्याचंच नाव निघतं.

२००६ नंतर प्लेऑफ बंद. मालक मालूफ कुटुंब आधी ॲनाहाइमशी बोललं, मग २०१३ च्या जानेवारीत सिएटलच्या गटाशी व्यवहार ठरवून बसलं. महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः एनबीएचे माजी खेळाडू आणि त्याच गावचे. त्यांनी दुसरा ग्राहक शोधायला घेतला. इथे रणदिवे पुढे आले. मे महिन्यात लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं, आणि रणदिवेंच्या गटाने ५३.४ कोटी डॉलरच्या विक्रमी मूल्यांकनाने संघ घेतला.

संघ राहिला, पण खेळ लगेच सुधारला नाही. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, पुढे मोठा तारा ठरलेला लुका डॉन्सिच समोर असताना दुसऱ्याच खेळाडूला निवडण्याचा पराक्रम याच काळातला. सोळा हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ २०२३ मध्ये संपला. त्या हंगामापासून प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडतात. पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टेफ करीने किंग्जच्याच मैदानावर पन्नास गुण ठोकून त्यांना घरी बसवलं. त्यानंतर दोन वर्षांच्या आत प्रशिक्षक माइक ब्राऊन आणि मुख्य खेळाडू डीॲरन फॉक्स दोघेही गेले.

२०१६ मध्ये उघडलेलं संघाचं स्टेडियम, गोल्डन वन सेंटर, मात्र शहराच्या मालकीचं आहे. शहराने त्यात पंचवीस कोटी डॉलरहून जास्त घातले, आणि त्या बदल्यात संघाकडून ३५ वर्षांचा भाडेकरार लिहून घेतला.