एचआयव्हीच्या उपचारात सायकॉलॉजिस्ट आले कुठून

1981 ला अमेरिकेत एड्सच्या पहिल्या केसेस नोंदल्या गेल्या तेव्हा डॉक्टरांकडे द्यायला औषधच नव्हतं, आणि मला वाटतं सायकॉलॉजिस्ट या आजारात एवढ्या लवकर आले ते त्यामुळेच. सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमध्ये 1983 ला वॉर्ड 86 ही ओपीडी निघाली, मग अ‍ॅडमिट पेशंटसाठी वॉर्ड 5बी, आणि तिथे नर्सेसच्या बरोबरीने शांती प्रोजेक्टचे काउन्सेलर पेशंटपाशी बसायचे. ही संस्था 1974 ला चार्ल्स गारफील्ड या सायकॉलॉजिस्टने काढलेली, मरणाच्या दारातल्या माणसांसाठी, म्हणजे आजार बरा करणं हातात नसलं तरी माणसाला एकटं टाकायचं नाही हे काम त्यांना आधीपासून येत होतं. डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर, काउन्सेलर सगळे एका टीममध्ये, याला पुढे सॅन फ्रान्सिस्को मॉडेल म्हणायला लागले.

1996 च्या सुमारास तीन औषधांची ट्रीटमेंट आली, माणसं जगायला लागली. पण गोळ्या रोज, न चुकता, जन्मभर घ्यायच्या, आणि डिप्रेशनमध्ये असलेल्या माणसाकडून नेमक्या त्याच राहतात, राहिल्या की व्हायरस औषधाला दाद देत नाही. म्हणून स्टीव्हन सॅफ्रेन या सायकॉलॉजिस्टने डिप्रेशनची सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी) आणि गोळ्यांचा नियमितपणा एकाच थेरपीत बांधले.

आपल्याकडे 1 एप्रिल 2004 ला सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या या गोळ्यांची ट्रीटमेंट, सुरू केली, सुरुवातीच्या 8 हॉस्पिटलांत मुंबईचं जेजे होतं. मनाची सगळी बाजू मात्र काउन्सेलरवर पडली, कुणी एमएसडब्ल्यू म्हणजे सोशल वर्कमध्ये मास्टर्स केलेले, कुणी सायकॉलॉजी शिकलेले, कंत्राटावर. टेस्टच्या आधी बोलायचं, रिपोर्ट सांगायचा, बायकोला किंवा नवऱ्याला कसं सांगायचं ते बघायचं, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, आला नाही त्याला फोन करायचा. त्यात बरीच वर्षं एफाव्हिरेंझ नावाची गोळी दिली जायची, तिने काहींना भयंकर स्वप्नं पडायची, उदास वाटायचं, तेही ऐकून घ्यायचं यांनीच. या लोकांनी हा प्रोग्रॅम उभा धरलाय आणि त्यांचं नाव कुठे येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण आत्महत्येचे विचार, सुटत नसलेली दारू, लहानपणीचा अत्याचार, हे काउन्सेलरने एवढ्या गर्दीत एकट्याने निभावायचं कसं? मग मानसोपचार विभागाची चिठ्ठी मिळते, म्हणजे वेगळी रांग, वेगळा केसपेपर आणि अजून एका अनोळखी माणसाला आपल्याला एचआयव्ही आहे हे सांगणं, त्यामुळे कितीतरी जण तिथे जातच नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट एआरटी सेंटरमध्येच बसायला हवा, आठवड्यातून दोन दिवस का होईना.