सांस्कृतिक साचे आणि वारसा

एखाद्या समाजातील सर्व माणसांना मोजकी, ठरावीक वैशिष्ट्ये चिकटवून तयार झालेल्या आणि विरोधी पुरावा समोर आला तरी सहसा न बदलणाऱ्या प्रतिमेला सांस्कृतिक साचा किंवा साचेबंद प्रतिमा म्हणतात. सामाजिक विचारात ही संकल्पना अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांच्या १९२२ मधील विवेचनामुळे रूढ झाली. अशा प्रतिमांची चर्चा बहुधा माणसांना मिळणाऱ्या वागणुकीपुरती होते; परंतु भूतकाळातील काय जपण्याजोगे आहे आणि ते कोणाचे मानायचे, यावरही त्यांचा खोल प्रभाव असतो.

आफ्रिकेतील ग्रेट झिंबाब्वे हे याचे सर्वाधिक बोलके उदाहरण होय. शोना लोकांच्या पूर्वजांनी साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकांत चुन्याविना रचलेल्या या भव्य दगडी वास्तू जर्मन प्रवासी कार्ल माउख यांनी १८७१ मध्ये पाहिल्या. तेथील लाकडी तुळईचा तुकडा त्यांना आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा वाटला. त्यावरून तो लेबनॉनचा देवदार आणि या वास्तू बायबलमधील शेबाच्या राणीशी संबंधित, असा तर्क त्यांनी केला. (आफ्रिकी माणूस असे बांधकाम करू शकत नाही हे आधीच गृहीत धरलेले असल्याने पेन्सिलीचाही आधार पुरेसा ठरला.) पुढे १९०२ मध्ये देखभालीसाठी नेमलेल्या रिचर्ड हॉल यांनी स्थानिक वस्तीचे थर निव्वळ कचरा समजून उपसून टाकले आणि बांधणाऱ्यांविषयीचा पुरावाच मोठ्या प्रमाणात नष्ट झाला. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये या वास्तूंचे आफ्रिकी मूळ दाखवून दिल्यानंतरही ऱ्होडेशियातील (आजच्या झिंबाब्वेतील) गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारला ते अडचणीचेच वाटत राहिले, कारण त्यांच्या सत्तेचे समर्थन त्याच साच्यावर उभे होते. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने आपले नाव याच वास्तूंवरून घेतले.

गौरव करणारा साचाही निरुपद्रवी नसतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील लोकांना सखल प्रदेशातील स्कॉटिश दीर्घकाळ रानटी समजत, आणि ब्रिटिश राजसत्तेविरुद्धच्या १७४५ च्या उठावानंतर त्यांच्या पोशाखावर कायद्याने बंदीही आली, जी १७८२ मध्ये उठली. मात्र ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज १८२२ मध्ये एडिंबरोला आला तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने तोच पोशाख साऱ्या स्कॉटलंडची ओळख म्हणून मिरवला गेला. सखल प्रदेशाचा वेगळा इतिहास या देखण्या चित्राआड झाकला गेला.

साच्याचा परिणाम संबंधित समाजाच्या आतही होतो. ज्यांच्या भाषेला वा कलेला मागासलेपणाचा शिक्का बसतो, त्यांची पुढची पिढी अनेकदा ती शिकण्याचे टाळते. उलट पर्यटकांना अपेक्षित असलेलेच रूप सादर केल्याने उत्पन्न मिळत असेल, तर कलाकार त्या रूपात अडकतात आणि त्यांनी केलेला नवा प्रयोग ‘अस्सल नाही’ म्हणून नाकारला जातो.

युनेस्कोच्या २००३ मधील अमूर्त वारशाविषयीच्या (म्हणजे कला, प्रथा, कौशल्ये अशा वारशाविषयीच्या) करारात, संबंधित समुदाय ज्याला आपला वारसा मानतात तोच वारसा आणि तो पिढ्यान्‌पिढ्या नव्याने घडत राहतो, अशी भूमिका घेतलेली आहे. तिच्यामुळे बाहेरून लादलेल्या साच्यांना काही प्रमाणात आळा बसतो. मात्र समुदायाच्या वतीने कोणी बोलायचे, हा वाद त्या समुदायातील स्त्रिया, तरुण आणि दुबळे गट यांच्यासाठी खुलाच राहतो.