मांडीवरची गिटार सरकते आहे?

लॅप स्टील आणि हवाईयन गिटार वाजवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गिटारच्या पाठीला रबर चिकटवून द्या, पट्टा लावून द्या, खाली पाय बसवून द्या, अशी कामं घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. रबर चिकटवणं सोडलं तर बाकीची कामं करून द्यायला आमची ना नाही. पण गिटार दुकानात ठेवून जाण्याआधी एवढं वाचा. बऱ्याचदा वाद्याला हातही लावावा लागत नाही. खुर्ची किंवा पायाखालची उंची बदलली की त्रास थांबतो, आणि हे सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही.

दोन्ही हात वर, धरणारं कोणी नाही

साधी स्पॅनिश पद्धतीची गिटार छाती, उजवा कोपरा आणि मांडी यांच्यात अडकलेली असते. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकु याने गिटार आडवी मांडीवर घेऊन तारांवर लोखंड फिरवायची पद्धत रूढ केली, तेव्हापासून हा आधार गेला. डाव्या हातात ते लोखंड, म्हणजे बार, उजव्या हाताच्या बोटांवर तारा छेडायच्या नख्या, म्हणजे पिक, आणि दोन्ही हात वाद्याच्या वर. खालून त्याला धरणारं मांडीखेरीज काहीच नाही. त्यात १९३२ साली बाजारात आलेल्या रिकनबॅकरच्या इलेक्ट्रिक गिटारचं अंग छोटं, गोल, ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं. ‘फ्राइंग पॅन’ हे नाव तिला उगाच पडलं नाही. पुढच्या बहुतेक लॅप स्टील लाकडी आल्या, तरी अंग अरुंदच राहिलं. आपल्याकडे नट (डोक्याजवळची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उंच करून वापरतात ती अकूस्टिक गिटार रुंद असल्यामुळे थोडी स्थिर बसते, पण तिची पाठ गुळगुळीत पॉलिशची आणि किंचित फुगीर असते.

त्यामुळे गिटार सरकली तर तुमच्या हातात दोष आहे असं लगेच समजू नका. नवे विद्यार्थी गिटार धरून ठेवायला डाव्या मनगटाने खाली दाबतात आणि मग बार जड पडतो, सूर वर चढतो. गिटार स्थिर झाली की हे मनगट आपोआप मोकळं होतं.

कुठे सरकते ते आधी पाहा

गिटार गुडघ्यांकडे जात असेल तर मांडीला पुढे उतार आहे. खुर्ची उंच आणि पाय आखूड, किंवा वाजवणारा सीटच्या कडेला येऊन बसला आहे. उताराचं गणित थोडं विचित्र आहे. उतार एका ठरावीक कोनापर्यंत गेला की वस्तू घसरते, आणि तो कोन दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात यावर ठरतो, वजनावर नाही. म्हणून ‘जड गिटार घ्या, घसरणार नाही’ हा सल्ला उतारावर लागू पडत नाही. सपाट मांडीवर मात्र जड गिटारचा फायदा खरा आहे, कारण हाताच्या धक्क्याने तिला हलवायला जास्त जोर लागतो.

मांडी जमिनीला समांतर हवी, गुडघे किंचित वर असले तर आणखी चांगलं. पायाखाली घरातला पाट घ्या. टाचा उचलून गुडघे वर धरू नका. दोन गाणी होईपर्यंत मांड्या थरथरू लागतात आणि ती थरथर बारमधून सुरात उतरते. हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची सीट मागे उतरलेली असते, ती आपल्याला सोयीचीच आहे. फक्त हात असलेली खुर्ची घेऊ नका, गिटारचं डोकं खुर्चीच्या डाव्या हाताला आपटतं.

गिटार डावीकडे, म्हणजे डोक्याच्या बाजूला घसरत असेल तर उजवी मांडी डावीपेक्षा वर आहे. याचं एक कारण आमच्याकडे वारंवार दिसतं: व्हॉल्यूम पेडल, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करायचं पेडल. स्टील वाजवणारे उजवा पाय पेडलवर ठेवतात, पेडलच्या जाडीएवढी उजवी मांडी उचलली जाते आणि पाय खालीवर केला की ती हलतही राहते. पेडल जितकं उंच, तितक्याच जाडीची फळी डाव्या पायाखाली ठेवा. एवढ्याने काम भागलं म्हणून पट्ट्याचं काम रद्द करून गेलेले ग्राहक आहेत. आमचं नुकसान, पण असो.

पायाने ताल धरण्याची सवयही तपासा. टाच उचलून ताल दिला की प्रत्येक ठोक्याला अख्खी मांडी उडते. टाच जमिनीवर रोवून फक्त चवडा हलवला तर मांडी जागची हलत नाही.

गिटार दर ओळीला थोडीथोडी डावी-उजवीकडे होत असेल तर ती बारची ओढ आहे. बार तारांवरून सरकताना तारांना, पर्यायाने वाद्याला, आपल्याबरोबर ओढतो. मींड जितकी लांब आणि बार जितका जड, तितकी ही ओढ जास्त. रागसंगीत वाजवणाऱ्यांना हा त्रास म्हणूनच अधिक होतो. इथे उंची बदलून फारसं काही होत नाही, मांडी आणि गिटार यांच्यामध्ये पकड देणारं काहीतरी लागतं.

आणखी एक, जे सहसा कोणी बघत नाही: केबल. जॅकमधून सरळ खाली लोंबणारी जाड केबल वाद्याला सतत एका बाजूला खेचत असते, आणि कोणाचा पाय तिच्यात अडकला तर गिटार थेट जमिनीवर. केबल मांडीखालून घ्या आणि खुर्चीच्या पायाला एक सैल वेढा द्या.

मध्ये काय अंथरावं

आमची पहिली पसंती शॅमॉय किंवा स्वेड चामड्याला. शॅमॉय म्हणजे गाडी पुसायला मिळतं तेच मऊ कातडं, मात्र अस्सल घ्या. त्याच नावाने विकलं जाणारं कृत्रिम कापड यासाठी चालत नाही. अस्सल चामड्याची दोन्ही अंगं लवदार असल्यामुळे ते खाली कपड्याला आणि वर पॉलिशला धरतं. दोन्ही मांड्या झाकतील एवढा तुकडा पुरे. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, म्हणून वाजवून झालं की सावलीत वाळवा आणि गिटारच्या पेटीत कोंबून ठेवू नका.

स्वस्तात काम हवं तर कपाटाच्या खणात अंथरतात ती फोमची जाळीदार मॅट. पकड उत्तम, किंमत नगण्य, कुठल्याही प्लास्टिकच्या दुकानात मिळते. पण ती वाजवण्यापुरतीच वापरा. या मॅटमध्ये पीव्हीसी असतं आणि ते मऊ राहावं म्हणून घातलेली रसायनं हळूहळू बाहेर येतात. नायट्रोसेल्युलोज (एनसी) लॅकरवर ती बसली की लॅकर मऊ पडतं, चिकट होतं आणि जाळीची नक्षी कायमची उमटते. जुन्या अमेरिकन गिटारींवर हेच लॅकर असतं, आणि आपल्याकडे बनलेल्या अनेक गिटारींवरही एनसी लॅकर किंवा लाखेचं पॉलिश असतं. आपल्या गिटारवर नेमकं काय आहे याची खात्री नसेल, तर लॅकरच आहे असं समजून वागा. वाजवून झालं की मॅट काढा, घडी करून वेगळी ठेवा. उमटलेला डाग घासून, पुन्हा लॅकर मारूनच जातो, आणि जुन्या वाद्यावर ते काम करायला आम्ही शक्यतो तयार होत नाही, कारण मूळ पॉलिश गेलं की त्याची किंमत उतरते.

याच कारणासाठी गिटारच्या पाठीला रबराच्या टिकल्या किंवा पट्ट्या चिकटवायचं काम आम्ही घेत नाही. डिंक, रबर आणि लॅकर यांचं एकत्र राहणं नीट निभत नाही. शिवाय त्या टिकल्या मांडीत रुततात.

ओला पंचा अंथरणारेही आहेत. पकड मिळते खरी, पण ओल पॉलिशखाली शिरली की पांढुरके डाग पडतात. कोरडा टॉवेल गिटारला धरून ठेवतो, पण पॉलिएस्टरच्या पँटवरून टॉवेलसकट गिटार घसरते. कार्यक्रमात सिल्कची साडी किंवा झब्बा असेल तर आधी कपड्यावर शॅमॉय आणि त्यावर गिटार, हा क्रम ठेवा. शक्य असेल तर सुती कपडे घाला.

आणि गाडीचं पॉलिश गिटारला लावू नका. त्यातल्या सिलिकॉनमुळे पाठ चकचकीत होते, घसरडीही होते, आणि पुढे कधी पॉलिश करायची वेळ आली तर नवं लॅकर त्या जागी धरत नाही, खड्डे पडतात.

जमिनीवर बसून वाजवत असाल तर

मांडी घालून बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा खाली गेले तर उतार पुढे तयार होतो. अशा वेळी बैठक उंच केली तर उतार आणखी वाढतो. घडी केलेली सतरंजी दोन्ही गुडघ्यांखाली द्या आणि बैठक पातळ ठेवा. डाव्या गुडघ्याखाली थोडा जास्त आधार दिला तर गिटारची मान खाली झुकत नाही.

पट्टा, पाय, स्टँड

पट्टा दोन कामांचा. गिटारच्या दोन टोकांना पिन लावून कमरेमागून घेतलेला पट्टा गुडघ्यांकडे जाणं थांबवतो, बाजूची सरक थांबवत नाही. उभं राहून वाजवायचं असेल तर गळ्यातून घ्यायचा पट्टा लागतो. पिन लाकडी अंगालाच बसवतो, आधी बारीक भोक पाडून, नाहीतर लाकूड चिरतं. बेकेलाइटच्या (जुन्या काळच्या कडक प्लास्टिकच्या) जुन्या गिटारला भोक पाडत नाही. ते ठिसूळ असतं, तडकतं. ओतीव धातूच्या गिटारलाही नाही.

स्क्रूने बसणारे पाय मुळात ज्या गिटारींना होते त्यांनाच चांगले दिसतात आणि चांगले टिकतात. इतरांसाठी कीबोर्डचा एक्स आकाराचा स्टँड बरा, दोन्ही दांड्यांवर जाड फोम गुंडाळून, नेहमीपेक्षा खाली लावून. कार्यक्रमात उठबस असेल तर सोयीचं आहे. रियाजाला मात्र मांडीच वापरा असं आमचं मत. स्टँडवर वाजवताना गिटार डुगडुगते आणि बारचा दाब नीट कळत नाही.

दुकानात येताना

गिटारबरोबर तुमचा नेहमीचा बार, पेडल आणि केबल घेऊन या. रोज ज्या खुर्चीवर बसता तिच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजून आणा, पुढची कड आणि मागची कड वेगवेगळी. शक्य असेल तर तुम्ही वाजवतानाचा समोरून आणि उजव्या बाजूने काढलेला व्हिडिओ मोबाइलवर आणा. त्यात पाय दिसायला हवेत. शॅमॉयचे तुकडे आम्ही मापाने कापून देतो, तेव्हा वाद्याची लांबी-रुंदी फोनवर कळवली तरी चालेल.